चल म्हणायची चोरी

म्हणा हो, खुशाल म्हणा. 'चला, निघतो' म्हणा, 'चल, ठेवतो' म्हणा, 'चल, काहीतरीच काय' म्हणा... आता या घरात सगळी मोकळीक आहे. पण दीड महिन्यापूर्वी तुम्ही इथे या खुर्चीत बसून एवढं नुसतं 'चला' म्हणाला असतात ना, तर मी, ही, लेक आणि सासूबाई, आम्ही चौघांनी चार बाजूंनी झेप घेतली असती. तुमच्यावर नाही हो, त्याच्यावर. पण आधी तुमच्याकडे एकदा असं बघून मग त्याच्यावर. हसू नका. सहा आठवडे, तुम्हाला सांगतो, मोजून सहा आठवडे... स्वतःच्या घरात बोलायची चोरी!

तो बघा, दाराशी आडवा पसरलाय तो ढोल्या. आपण उठायचं नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याने ओलांडायचं, असा त्याचा नियम. वय आठ, वजन अठ्ठावीस किलो, रंग चहात बुडवलेल्या बिस्किटाचा, आणि जात कुठली म्हणाल तर ते विचारू नका, सगळ्या जातींनी थोडा थोडा हातभार लावलाय. आणि ती कोपऱ्यात गादीवर बसलीय, मांजराएवढी, ती आमची दुसरी कुत्री, ठमी. बारा वर्षांची. गादी ढोल्याची आहे. आमच्याकडे सगळ्या गाद्या ढोल्यासाठी आणतात, ठमी फक्त उद्‌घाटनाला म्हणून बसते आणि मग उठतच नाही.

आता मूळ दोष कुणाचा, तर माझा. मी कंडक्टर. आता रिटायर झालो, पण एकतीस वर्षं बसमध्ये काढली. एकतीस वर्षं माणूस काय बोलला असेल? 'चला, पुढे चला, आत जागा आहे, दारात कोण उभं आहे, चला चला...' संपलं. बाकीचं सगळं बोलणं आमच्या हिने केलं. लग्नाचं बोलायला गेलो होतो तेव्हासुद्धा दोन तास मोठी माणसं बोलत होती, मी गप्प, आणि शेवटी मी एकच शब्द बोललो, 'चला'. सासूबाई म्हणाल्या, मुलाचा होकार आला. मला खरं म्हणजे घरी जायचं होतं.

तर हा ढोल्या पिल्लू असताना घरी आला, तेव्हा त्याला बाहेर न्यायचं तर मी काय म्हणणार? चल. तेवढंच तर येतं मला. आणि त्याने ते असं काही पाठ केलं, तुम्हाला सांगतो, की स्वतःचं नाव विसरेल पण ते विसरणार नाही. 'ढोल्या' म्हणून शंभर हाका मारा, कान हलत नाही. एकदा 'चल' म्हणा... झोपलेला असो, जेवत असो, तोंडात घास असो, हा हवेत! पलंगावरून म्हणू नका, खुर्चीवरून म्हणू नका, चारही पाय एकदम सोडून देतो आणि दारात जाऊन आपटतो. आम्हाला कौतुक. पाहुण्यांना करून दाखवायचो. बघा हं, बघा हं, चल! की धप्प. आणि सगळे टाळ्या वाजवायचे. मूर्ख माणसं आम्ही.

त्या दिवशी झालं काय, माझा जुना ड्रायव्हर, वीस वर्षं आम्ही एका गाडीवर होतो, त्याचा फोन आला. ढोल्या पलंगावर, माझ्या पायाशी. हिने नुकतीच फरशी पुसलेली, ओली चकचकीत, 'कुणी उतरू नका खाली' असं बजावूनसुद्धा गेली होती. अर्धा तास बोललो, आणि ठेवताना आपलं सवयीने म्हणालो, 'चल, ठेवतो.'

झालं.

उडी त्याने नेहमीसारखीच मारली. फरशी नेहमीसारखी नव्हती. मागचे दोन पाय दोन दिशांना गेले आणि मधूनच एक आवाज आला... कट. बारीकसा. आणि तुम्हाला सांगतो, तो ओरडला नाही हो. ओरडला असता तर बरं झालं असतं. उठला, एक पाय अधांतरी धरून तीन पायांवर दारापर्यंत गेला, आणि वळून माझ्याकडे बघून शेपूट हलवायला लागला. म्हणजे पाय मोडलाय ते राहू दे, पण तुम्ही 'चल' म्हणालात ना, मग निघू या की! मला काय वाटलं ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. हातातला फोन हातातच राहिला. माझ्या तोंडातल्या एका फुटकळ शब्दाने त्याचा पाय गेला, असं मला वाटलं. ही म्हणाली, फरशी मी पुसली होती. लेक म्हणाली, वय झालंय त्याचं, कधीतरी होणारच होतं. सगळे आपापल्या परीने बोलले. मला मात्र तेच वाटत राहिलं.

डॉक्टरीणबाई म्हणजे अगदी काटकुळ्या, केसांत पेन खोचलेलं, दर वेळी तेच पेन टेबलावर शोधतात. त्यांनी ढोल्याचा गुडघा असा हलवून बघितला आणि म्हणाल्या, "काका, गुडघा धरून ठेवणारी आतली दोरी तुटलीय. हाड कापून प्लेट बसवावी लागेल." हाड कापून! हे त्या 'काका, चहा घेणार का' अशा आवाजात म्हणाल्या. आत नेला त्याला. आम्ही तिघं बाहेर बाकावर. तीन तास. समोर एक बाई मांजर घेऊन बसली होती, ते मांजरसुद्धा तिसऱ्या तासाला माझ्याकडे दयेने बघायला लागलं.

मग बाहेर आणला. मागच्या अंगाचा अर्धा भाग भादरलेला, एक पाय केसाळ आणि एक पाय उघडा, गळ्यात तो प्लास्टिकचा कोन, जीभ एका बाजूला, डोळे दोन बाजूंना. आणि शेपटीचं टोक हललं. टोकच फक्त, पण हललं. ही तिथेच रडायला लागली. मी नाही. मी भिंतीवरचा तक्ता वाचत होतो, मांजरांच्या जंतांचा, फार चांगली माहिती होती.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ऑपरेशन उत्तम झालंय. माझं काम संपलं, आता तुमचं सुरू. सहा आठवडे उडी नाही, पळणं नाही, जिना नाही. पोटाखालून टॉवेल घालून उचलून धरायचं, शी-शू करायची की परत. एक उडी, काका, एक उडी जरी मारली तर प्लेट सरकेल. आणि या वयात मी त्याला परत कापणार नाही. मग हा तीन पायांवर, आणि एवढ्या वजनाचा कुत्रा तीन पायांवर फार दिवस काढत नाही." एवढं बोलून त्यांनी पेन शोधलं, सापडलं नाही, आणि विचारलं, "कशाने उडी मारतो हा?"

तिघांनी माझ्याकडे बघितलं. तीन म्हणजे ही, लेक आणि ते मांजर.

आमची लेक ऑफिसात लोकांना वेळापत्रकं करून देते. तिच्या हातात हे प्रकरण गेलं आणि आमचं घर म्हणजे डेपो झाला. फ्रिजवर कागद. गोळ्या कधी, टॉवेल कुणी धरायचा, कोन कधी पुसायचा. आणि सगळ्यात वर, लाल अक्षरांत: 'तो शब्द बंद. कुणीही, कधीही, कुणालाही म्हणायचा नाही. जो म्हणेल तो ढोल्याच्या चादरी धुवेल.' मी म्हटलं, एवढंच ना? एका शब्दावाचून काय अडतंय? पहिल्या दोन दिवसांत मी सात चादरी धुतल्या.

अहो, तुम्ही कधी मोजलंत का, दिवसाला किती वेळा म्हणतो आपण? जेवायला बसताना, चला. जेवून उठताना, चला. लाइट गेले, चला, झालं कल्याण. लाइट आले, चला, आले एकदाचे. काही सुचलं नाही तरी चला! आणि नुसता तो शब्द असता तरी भागलं असतं, पण हा कुत्रा व्याकरणाचा निघाला. मूळ धातू ओळखायचा. 'चालेल' म्हटलं, एक कान वर. 'टीव्ही चालू कर', दोन्ही कान वर. लेकीने फ्रिजवर लिहिलं होतं 'हालचाल बंद', ते हिने मोठ्याने वाचलं तर हालला! बातम्यांतला तो गंभीर चेहऱ्याचा माणूस म्हणाला, 'या दृश्यांनी आपण विचलित होऊ शकता', आणि ढोल्या झाला की विचलित. टीव्हीसुद्धा बंद. काय सांगू तुम्हाला, स्वतःच्या घरात बोलायची चोरी!

आणि कुणाच्या तोंडून निसटलाच, तर काय करायचं तेही कागदावर होतं. चौघांनी धावायचं. एकाने छातीवर हात, एकाने पाठीवर, "बस, बस, बस, झोप राजा, झोप, शहाणा," आणि तो आडवा झाला की लगेच बिस्किट. ठमीला काहीही न करता बिस्किट, कारण नाही दिलं तर ती भुंकते.

आमच्या हिचे फार हाल झाले. तिची बहीण, रोज फोन, आणि त्या दोघींचा 'चल, ठेवते' म्हणजे निरोप नव्हे, ते मध्यंतर. पहिला 'चल, ठेवते' विसाव्या मिनिटाला, मग आणखी तीन-चार, आणि मग खरा. आता शब्द बंद. ही बिचारी विसाव्या मिनिटाला म्हणाली, "बरं, ठेवते." पलीकडून बहीण, "का गं? रागावलीस?" "नाही गं, रागावेन कशाला, ठेवते." "बघ, परत! सरळ 'ठेवते' म्हणतेस. माझं काय चुकलं ते तरी सांग." चार दिवस हे. पाचव्या दिवशी बहीण रडवेली होऊन स्वतः घरी आली, दारातच हिला मिठी मारली आणि म्हणाली, "चल, झालं गेलं विसरून जा!"

चौघं धावलो. बहीण तशीच हात पसरून दारात. त्या दिवशीच्या चादरी पाहुणी म्हणून तिला माफ केल्या, त्या मी धुतल्या.

सासूबाईंचं तर विचारूच नका. वय चौऱ्याऐंशी, ऐकू कमी. लेकीने त्यांना हळू आवाजात समजावलं, "आजी, तो शब्द नाही म्हणायचा."

"कुठला?"

"तो, जायचा."

"कुठे जायचंय?"

"कुठे नाही जायचंय आजी, तो शब्द..."

"मग साडी कशाला बदलू?"

शेवटी लेकीने मोठ्या अक्षरांत कागदावर लिहिला आणि त्यांच्यासमोर धरला. सासूबाईंनी चष्मा शोधला, लावला, कागद जवळ घेतला, लांब धरला... आणि खणखणीत आवाजात वाचला.

बरं, वरच्या मजल्यावर एक हेडक्लार्क राहतात, रिटायर्ड. भला माणूस, पण 'चला' म्हणून उठतात आणि तिथून पुढे पाऊण तास उभ्याने बोलतात. दर पाच मिनिटांनी पुन्हा, 'चला'. लेकीने दारावर चिठ्ठी लावली, 'निघताना कृपया काही न बोलता निघावे.' हेडक्लार्कांनी ती वाचली, मान हलवली, आणि तेव्हापासून आलेच नाहीत. जिन्यात भेटले तर काही न बोलता निघून जातात. चिठ्ठीचं पालन करतात म्हणे. ते प्रकरण अजून मिटायचंय.

पण सगळ्यात वाईट, मी. तिसऱ्या आठवड्यात, जेवण झालं, दुपारची वेळ, ढोल्याच्या गादीशेजारी जमिनीवर मी चटई टाकून पडलेलो. गादी म्हणजे नवी गादी, जुनीवर ठमी. डोळा लागला. आणि जाग आली ती या आरडाओरड्याने, बघतो तर ढोल्यावर तीन पिढ्या आडव्या, सासूबाईसुद्धा काठी टाकून त्याच्या मानेला धरून बसलेल्या. मी म्हटलं, काय झालं? लेक म्हणाली, "बाबा, झोपेत म्हणालात. 'चला, मागचे पुढे चला, आत मोकळं आहे.' आठ वेळा." आठ वेळा! ढोल्या उभा राहिला होता हो, कोन भिंतीवर आदळून अडकला म्हणून वाचला. टाक्यांवर थोडं रक्त. डॉक्टरीणबाईंकडे फोटो पाठवला, उत्तर येईपर्यंत वीस मिनिटं मी नळ सोडून चादरी धूत बसलो, धुतलेल्याच परत. 'टाका ओढला गेलाय, प्लेट ठीक आहे,' असं उत्तर आलं. मग मी बसलो खाली मोरीतच. त्या दिवसापासून दुपारी तोंडाला रुमाल बांधून झोपायचो. एकतीस वर्षं जो शब्द ओरडायचा पगार घेतला, त्याच्यासाठी तोंडाला रुमाल. स्वतःच्या घरात बोलायची... जाऊ दे.

तसं बाकी सगळं सुधारत होतं. टाके निघाले. गोळ्या केळ्यात घालून द्यायचो, हा केळं खायचा आणि गोळी अशी स्वच्छ चाटूनपुसून बाहेर ठेवायचा. केस उगवायला लागले. कोनाची कड आमच्या पोटऱ्यांना सवयीची झाली. ठमीला फिरायला न्यायचं तर ही तिला कापडी पिशवीत घालून, वर कोथिंबिरीची जुडी ठेवून, भाजीला जाते असं ढोल्याला सांगून चोरून न्यायची. पिशवीतून ठमी अशी बघायची ढोल्याकडे, शहाण्यासारखी.

आणि पाचव्या आठवड्यात सासूबाई परत चुकल्या. चांगल्या मोठ्याने म्हणाल्या, "चला, जेवायला वाढा." आम्ही धावलो, आणि जागच्या जागी थांबलो. ढोल्या उठलाच नव्हता. उलट मान खाली टाकून आडवा झाला होता. लेक म्हणाली, शहाणा झाला. ही म्हणाली, किती गुणी ते बाळ. बिस्किट दिलं. मी पण हसलो. बरं वाटलं, हो.

पण मग माझ्या मनात आलं... का नाही उठला? ज्या शब्दाला हा मोडका पाय घेऊन दारापर्यंत गेला होता, त्याला आता कान हलत नाही? दुसऱ्या दिवशी कुणी नाही असं बघून मी त्याच्या कानाशी अगदी हळू म्हटलं, "चल." त्याने माझ्याकडे बघितलं आणि हनुवटी जमिनीला टेकवली. मी म्हटलं, याचं मन मेलं. पायाचं काय, तो जोडला जातो, पण ज्याला बाहेर जायचंच नाही त्याचा पाय कशासाठी जोडायचा? त्याला थोपटलं, बिस्किट दिलं, आणि कुणाला बोललो नाही. एकदा स्वयंपाकघरातून ही येताना दिसली, ढोल्यापाशी वाकली, इकडेतिकडे बघितलं आणि कुजबुजली, "चल." मी पडद्याआड उभा. ढोल्या आडवा. हिने डोळे पुसले आणि बिस्किट दिलं. लेकसुद्धा ऑफिसला जाताना करायची म्हणे, ते मागाहून कळलं. तिघंही एकमेकांपासून चोरून, दिवसातून दोन-दोनदा. चोरी करून करून आम्ही इतके सराईत झालो होतो!

सहावा आठवडा संपला. घेऊन गेलो. एक्स-रे काढला, डॉक्टरीणबाईंनी तो उजेडासमोर धरला आणि म्हणाल्या, "वा. हाड छान जुळलंय. अगदी पाठ्यपुस्तकात छापावं असं. कोन काढा. टॉवेल काढा. आता काका, याला चालवून दाखवा मला, इथून दारापर्यंत."

तुम्हाला सांगतो, मी छाती भरून श्वास घेतला. सहा आठवड्यांचा साठा होता तो. आणि एकतीस वर्षं ज्या आवाजाने शेवटच्या सीटपर्यंत माणसं हलवली, त्या आवाजात म्हटलं, "चल!"

ढोल्या पडला. बसला नाही, आडवा पडला. चारही पाय एका बाजूला.

बाहेरच्या बाकावरची सगळी माणसं उभी राहिली होती, म्हणजे आवाज चांगला होता. पण हा पडला. डॉक्टरीणबाईंनी पाय चाचपला, वाकवला, सरळ केला. "दुखत नाहीये," त्या म्हणाल्या, "मग उठत का नाही?" हिने म्हटलं, चल ना रे राजा. लेकीने म्हटलं, चल ढोल्या, चल. कंपाउंडर आला, तो म्हणाला, चल. बाहेरची एक आजी ससा घेऊन आली होती, ती दारातून म्हणाली, चल बाळा. आणि जसजसं आम्ही म्हणतोय तसतसा हा आणखी सपाट, आता डोळेसुद्धा मिटलेले. डॉक्टरीणबाईंचा चेहरा बदलला. त्या पेन शोधायला लागल्या, आणि पेन तर केसांतच होतं. म्हणाल्या, "काही कुत्री हाय खातात काका. पाय बरा होतो, पण ती तो टेकवतच नाहीत."

मग मी खाली बसलो. त्या गार फरशीवर, त्याच्या तोंडापाशी, सगळ्यांदेखत. आणि म्हटलं, "ढोल्या, माझं चुकलं रे. मी तो शब्द फोनवर म्हणालो होतो, तुला नव्हतो म्हणालो. तू खरा धरलास. आता खरंच म्हणतोय तर ऊठ ना." कंडक्टरला रडताना बघितलंय कधी? तिकिटं संपली तरी आम्ही रडत नाही. पण रडलो. त्याने माझं नाक चाटलं आणि पुन्हा मान टाकली. म्हटलं, ठीक आहे. नाही तर नाही. उचलून नेईन रोज. आणि टेबलाची कड धरून उठायला लागलो. माझे गुडघे तुम्हाला माहीत नाहीत, एकतीस वर्षं धावत्या गाडीत उभं राहून त्यांची वाट लागलीय, आणि उठताना माझ्या तोंडून निघालं...

थांबा. ते मी इथे म्हणत नाही. तो दाराशी आहे. तुम्हाला फोड करून सांगतो, तुम्ही मनात जोडा. दोन शब्द आहेत. पहिला, आपल्याला जिने जन्म दिला ती. दुसरा, ग वर टिंब. जोडलंत? मनात हो, मनात! गुडघे गेलेला कुठलाही माणूस जमिनीवरून उठताना जे म्हणतो ते.

ढोल्या उभा राहिला.

ताडकन नाही, पण उभा राहिला, चार पायांवर. एक, दोन, तीन, आणि तो चौथा, तो भादरलेला, अर्धे केस उगवलेला, तो त्याने जमिनीवर टेकवला, पुरता टेकवला, आणि टक टक टक टक नखं वाजवत दारापर्यंत गेला. ससावाली आजी बाजूला झाली. आणि दारातून वळून त्याने माझ्याकडे बघितलं आणि शेपूट हलवली. ती शेपूट. तीच हो. मी तसाच टेबलाला धरून अर्धा उठलेला, ना वर ना खाली.

कुणाला कळेना. शेवटी लेकीच्या डोक्यात प्रकाश पडला. "बाबा," ती म्हणाली, "सहा आठवडे त्याला बाहेर कोण नेतंय? तुम्ही. दिवसातून सहा वेळा. त्याच्या शेजारी जमिनीवरून उठून. आणि उठताना दर वेळी काय म्हणता?" मग तीच म्हणाली, "आणि तो दुसरा शब्द म्हटला की आपण काय करत होतो? झोप, झोप, आणि बिस्किट." ही माझ्याकडे बघायला लागली, मी हिच्याकडे, आणि दोघंही लेकीकडे, आणि मग ती चोरून कुजबुजायची भानगड तिथेच, डॉक्टरीणबाईंसमोर बाहेर आली. अहो, एका भल्या कुत्र्याला आम्ही तिघांनी मिळून, बिस्किटं चारून, 'चल' म्हणजे 'झोप' असं शिकवलं होतं! डॉक्टरीणबाई टेबलाला धरून हसल्या. त्यांच्या केसांतलं पेन खाली पडलं.

तुम्हाला सांगतो, घरी येताना मला असं हलकं वाटत होतं, रिकाम्या गाडीत पहिल्यांदा खिडकीशी बसायला मिळावं तसं. त्याचं मन मेलं नव्हतं हो. तो वाटच बघत होता, फक्त शब्द आमचा चुकत होता.

तर आता घर पूर्ववत आहे. म्हणून म्हटलं, म्हणा खुशाल. हिच्या फोनची मध्यंतरं परत सुरू झाली, उलट सहा आठवड्यांचं राहिलेलं भरून काढतायत दोघी. आणि ढोल्याला आडवं करायचं असेल, नखं कापायची असतील, तर 'चल' म्हणायचं, की पडला. प्रश्न फक्त माझा आहे. मला कुणी सांगितलं नव्हतं की माणूस दिवसाला किती वेळा कण्हतो. बसलेला उठतो, कण्हतो. वाकतो, कण्हतो. मोज्यात पाय घालतो, कण्हतो. पूर्वी हे सगळं फुकट होतं. आता एकदा कण्हलं की हा पट्टा तोंडात घेऊन समोर, चारही पायांवर, आणि त्या पायांकडे बघितलं की नाही म्हणवत नाही. सासूबाईंचं कण्हणं त्याला चालत नाही, हिचं चालत नाही, माझंच लागतं. माझ्या गुडघ्यांचे डॉक्टर चार वर्षं सांगत होते, रोज चालत जा, तेव्हा मी ऐकलं नाही. सासूबाई म्हणतात, "जावईबापू, कुत्र्याच्या ऑपरेशनने तुमचेच पाय सुधारले." ऐकून घेतो. काय करणार?

अरे, निघालात? बसा म्हटलं असतं, पण तुम्हालाही कामं असतील. नाही नाही, तुम्ही थांबा, मी दारापर्यंत येतो ना सोडायला, त्यात काय मोठंसं. चला. हे बघा, म्हटलं की नाही 'चला', हलला तरी का तो? तेवढं एक सुख आहे. हं, हा हात द्या जरा, ही खुर्ची फार खोल आहे... आई गं...

...

झालं. बघा, उठला. आणला पट्टा. हो रे, हो, ऐकलं मी, माझंच तोंड आहे ते. तुम्ही व्हा पुढे. मी आपला कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो... आजची ही सातवी फेरी.